ऑनलाइन घेतलेला ऑइल फिल्टर खरा की डुप्लिकेट, घरी कसं ओळखायचं?

मानेवाडा_के१०

नमस्कार मंडळी, गाडी २०१४ ची वॅगनआर, के१० पेट्रोल, ८६ हजार झाले आहेत. मागच्या वर्षीपासून ऑइल चेंज घरीच करून राहिलो, म्हणजे अंगणात दोन विटा, एक जॅक-स्टँड आणि बायकोची बोलणी. मागचा फिल्टर ऑनलाइन घेतला होता, बसवला, चालला, काही विचार केला नाही. या वेळी सेलमध्ये त्याच सेलरकडून तीनचा पॅक घेतला, दुकानात एकाला जेवढे लागतात त्याच्या दीडपट पैशात तीन, म्हटलं तीन वर्षांचं काम झालं.

आता माल आला तर मनात किडा वळवळायला लागला. तिन्ही डबे एकाच कंपनीचे, पण एका खोक्याचा रंग थोडा फिका, छपाईत अक्षरं जाड, आणि हातात घेतलं तर तो फिल्टर हलका वाटतो. आतलं तर काही दिसत नाही, सीलबंद डबाच तो. दोन आठवड्यांनी घरच्यांना घेऊन समृद्धीने शिर्डीला जायचं आहे, पाचशेच्या वर किलोमीटर एका दमात, ते पण या उन्हात. तिथं मधेच ऑइलचा लाल दिवा लागला तर कोणाच्या नावाने बोंबलू?

तर घरच्या घरी, लॅब-बिब नसताना, काय पाहता येतं? आणि एक बाजूची गोष्ट, सकाळी पहिल्या स्टार्टला दोनेक सेकंद कडकड आवाज येतो, मग जातो. याचा त्याचा संबंध नसेल बहुतेक, सांगून ठेवतो.

सदरचा_शहाणा

भाऊ, शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा अभ्यास काहून करून राहिला? जा कुठल्याही धड स्पेअरच्या दुकानात, पक्कं बिल घे, विषय संपला. लोकं फिल्टरचे पैसे वाचवायला जातात आणि चाळीस हजाराचं इंजिन काम करून घेतात. मी ऑनलाइन फक्त मोबाइलचं कव्हर घेतो.

बुटीबोरी_क्यूसी

शहाणेभाऊंचं अर्धं पटतं. पण दुकानातही डुप्लिकेट मिळतो आणि ऑनलाइनही अस्सल मिळतो, दुकानाच्या पाटीवरून फिल्टरचा कागद ओळखता येत नाही. मी पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला बारा वर्षं काढली आहेत (फिल्टरच्या नाही, पण ऑटोच्याच), म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडा.

आधी एक कडू गोष्ट. फिल्टरचं जे मुख्य काम, म्हणजे बारीक कचरा धरणं, ते घरी तपासता येतच नाही. विसरा. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची टेस्ट असते, गरम ऑइलमध्ये ठरावीक धूळ सतत सोडत राहतात, फिल्टरच्या आधी आणि नंतर कण मोजतात, कोणत्या आकाराचे किती टक्के अडले ते पाहतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि बेअरिंगमधली ऑइलची फिल्म काही मायक्रॉनचीच. म्हणजे जो कचरा नुकसान करतो तो तुम्हाला भिंग लावूनही धड दिसणार नाही. म्हणून ऑनलाइन पेजवर "९९ टक्के फिल्ट्रेशन" लिहिलं असलं की मी हसतो. ९९ टक्के, पण किती मायक्रॉनवर? आकडा नसेल तर पोह्याची चाळणीही ९९ टक्के आहे, गोटे अडवते.

दुसरी कडू गोष्ट, वाईट फिल्टर बोलत नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो, कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल जाड झालं तर तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढं जाऊ देतो, कारण इंजिनला घाणेरडं ऑइल परवडतं, कोरडं परवडत नाही. आता स्वस्तातल्या मालात त्या व्हॉल्व्हची स्प्रिंगच ढिली असली तर तो कायम थोडा उघडाच राहणार. गाडी मस्त चालेल, दिवा लागणार नाही, मायलेज तेच, आणि फिल्टर नुसता शोभेला. तुम्ही त्याला पाच स्टार देऊन मोकळे! रिव्ह्यू वाचून ऑइल फिल्टर घेऊ नका ते याच्यासाठी, लिहिणाऱ्याला स्वतःलाच कळलेलं नसतं.

मग घरी काय पाहायचं, तर बनावट कुठं घाई करते ते. फिल्टर उलटा धरून टॉर्च मारा. मधल्या भोकातून आतली जाळीची नळी दिसेल, तिची भोकं नीट उघडी हवीत, काही मालात पत्रा नुसता चिरलेला असतो पण पाकळी उघडलेलीच नसते. मधले आटे पाहा, कापलेल्या पत्र्याचे केस लटकत असतील तर तो सरळ बाद, ते तिथून स्वच्छ ऑइलच्या बाजूला, म्हणजे थेट इंजिनात जातात. पांढरा कागद पसरून फिल्टर त्याच्यावर उलटा ठोका, काय पडतं ते पाहा. रंगाचे पोपडे, पत्र्याची चुरी, काहीही पडलं तर नको.

मग कडेच्या बारक्या भोकांतून आत पाहिलं की रबराचा पडदा दिसतो, काळा किंवा केशरी. काळा बहुतेक नायट्राइल, केशरी-लाल बहुतेक सिलिकॉन. सिलिकॉन उन्हाताण्यात आणि जास्त किलोमीटरला नरम राहतं, नायट्राइल कडक होत जातं. रंगावरून खरं-खोटं ठरवू नका पण, काळा पडदा चांगल्या कंपन्यापण लावतात. स्वच्छ बोथट काडीने हलकेच दाबा, दबला पाहिजे आणि सोडल्यावर परत बसला पाहिजे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या बुडाच्या टाकीत, परत ओघळू नये म्हणून तो असतो. तुमचा तो सकाळचा कडकड आवाज... संबंध नाही म्हणता, मी एवढ्या खात्रीने म्हणणार नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल आणि पडदा गेला असेल तर रात्रभरात ऑइल उतरतं आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो, तेवढा वेळ वरचं इंजिन कोरडं वाजतं.

वजनही करा. हलका म्हणजे खोटा असं नाही, कंपन्या डिझाइन बदलतात. पण एकाच पॅकमधले तीन, एकच पार्ट नंबर, आणि एक बाकी दोघांपेक्षा बराच हलका, तर उत्तर त्या दोघांना विचारा.

पाना_नंबर_१४

राम राम. मी घाट रोडच्या बाजूला छोटं गॅरेज चालवतो, २२ वर्षं झाली. क्यूसी साहेब बरोबर बोलून राहिले पण आम्ही पाहतो ते वेगळंच. माझ्याकडं ऑइल फिल्टरमुळं जेवढ्या गाड्या टोचन होऊन आल्या, त्यातली एकही कागदामुळं नाही आली. सगळ्या आट्यामुळं नाहीतर रबर रिंगमुळं.

आटा पहिले सांगतो. एक असतो एम २० बाय १.५, म्हणजे २० एमएमचा, आणि एक इंचातला पाऊण इंच १६ आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ एमएम. नुसतं पाहून बाप्पाला कळत नाही कोणता कोणता. एम २० चा फिल्टर पाऊण इंचाच्या स्टडवर, म्हणजे इंजिनच्या ज्या आटेवाल्या दांड्यावर फिल्टर फिरवतो त्याच्यावर, चढवला तर चढतो, घट्टपण वाटतो, पण आटा पूर्ण धरत नाही, आणि मग हायवेवर प्रेशर आलं की ऑइलची पिचकारी. उलटं केलं तर दोन आटे जाऊन अडकतो, मग हौशी माणूस पाना लावतो आणि स्टडची वाट लावतो. ऑनलाइनवाले "सर्व मॉडेलला फिट" लिहितात नं, तिथं हे होतं. जुन्या फिल्टरचा पार्ट नंबर पाहा, गाडीच्या पुस्तकातला पाहा, दोन्ही जुळले तरच लावा. हातानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोण्यासारखा फिरला पाहिजे.

रबर रिंग खोबणीत पूर्ण बसलेली पाहिजे, कुठं चपटी नाही, चीर नाही, नख दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. बोटाने नवीन ऑइल लावा, कोरडी नका चढवू, कोरडी गुंडाळते. रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा, हाताने, बस. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. आपल्याकडं पोरं बेल्ट पाना लावून बैलाची ताकद लावतात आणि पुढच्या वेळी काढताना स्क्रूड्रायव्हर आरपार मारावा लागतो.

आता एक किस्सा, सदरवाल्या भाऊंसाठी. मागच्या मे महिन्यात एक साहेब आले, वर्धा रोडवर गाडी बंद केलेली, खाली ऑइलचं तळं. म्हणे ऑनलाइन डुप्लिकेट फिल्टर फुटला, सेलरला कोर्टात खेचतो. मी फिल्टर काढला तर फिल्टर ठणठणीत. वर इंजिनच्या तोंडाला जुन्या फिल्टरची रबर रिंग चिकटून बसलेली, त्याच्यावर नव्या फिल्टरची रिंग, दोन रिंगा एकावर एक. ती घसरते, सटकते, आणि अर्ध्या मिनिटात ऑइल रस्त्यावर. साहेबांनी स्वतःच बदलला होता. मी दाखवलं तर म्हणे अच्छा. बिचारा फिल्टर फुकट बदनाम. जुना काढल्यावर त्याच्या बुडाला रिंग आहे का पाहा, नसेल तर वर आहे. वर फडका मारून बोट फिरवा.

बसवल्यावर गाडी स्टार्ट करा, रेस देऊ नका, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर दोन-तीन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून पाहा, मग बंद करून लेव्हल.

आणि खोकं ओलसर, बुडाच्या पत्र्यावर गंज, असा माल लावू नका, कंपनीचा बाप असला तरी. २०२३ च्या सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा माझा गोडाऊन तिकडं होता, खालच्या रॅकचे चाळीसेक फिल्टर भिजले. वाळवून बाहेरून एकदम नवे दिसत होते. मी भंगारात दिले, पण माझ्यासमोर एक जण घ्यायला तयार होता, कशासाठी ते तुम्हीच समजा.

डिझेल_डिझायर

आमच्या १.३ डिझेलवाल्यांचं एक सुख आहे, आमचा फिल्टर डब्यात नसतो, नुसता कागदी एलिमेंट, प्लास्टिकच्या हाऊसिंगमध्ये बसतो. लावायच्या आधीच घड्या दिसतात. मी एकदा स्वस्तातला घेतला तर घड्या एका बाजूला दाटीवाटीने आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट, जिथं कागदाची दोन टोकं जोडतात तिथं गोंद अर्ध्यातच संपलेला. म्हणजे ऑइल सरळ त्या फटीतून जाणार, कागदाला हातही न लावता. परत केला. सोबत ओ-रिंग (गोल रबर रिंग) येते ती नवीनच लावायची, जुनी "चांगली आहे" म्हणून ठेवायची नाही, हे मी चुकून शिकलो, पार्किंगच्या टाइल्स अजून काळ्या आहेत आणि सोसायटीच्या सेक्रेटरी काकू अजून बोलत नाहीत.

धरमपेठची_ताई

सगळे फिल्टरच पाहून राहिले, बिल कोणी पाहिलं का? मानेवाडावाले दादा, आधी खोक्यावरचं लेबल वाचा. पॅक मालावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा मेल, आणि बाहेरून आणलेला असेल तर कोणत्या देशातून आणि कोणी आणला, हे असावंच लागतं, २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीजचे नियम आहेत. डुप्लिकेटवाले लोगो हुबेहूब छापतात आणि या बारीक ओळींत आळस करतात. मी ब्रेक पॅडच्या वेळी तिथंच पकडलं, पत्त्यात पिनकोड पाच आकडी होता.

मग बिलावर सेलरचं नाव आणि जीएसटी नंबर पाहा. वेबसाइट मोठी असली तरी विकणारा कोणीतरी तिसराच असतो. खोक्यावर क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर स्कॅन करा, पण उघडणारं पेज त्या कंपनीच्याच साइटचं आहे का ते वरच्या पत्त्यात पाहा, कारण खोटा क्यूआर खोट्या पेजवर नेतो आणि तिथं मोठ्ठा हिरवा टिक दाखवतो. आणि सरळ कंपनीच्या कस्टमर केअरला तिन्ही खोक्यांचे फोटो पाठवा, बॅच नंबरसकट. मला दोन दिवसांत उत्तर आलं होतं.

परत घेत नसतील तर घाबरायचं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. नाही दिलं तर १९१५ ला फोन, ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्याच्याही पुढं आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, सेलर कुठं का असेना, आपण राहतो तिथं तक्रार चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. दोनशे रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही हे मलाही कळतं. पण "जाईन" म्हणून लिहिलं की रिफंड लवकर येतो, स्वानुभव.

आणि काहीही कापू-फोडू नका त्याआधी!

मानेवाडा_के१०

ताई, तुमचं शेवटचं वाक्य एक तास उशिरा वाचलं :(

हलक्यावाला मी कापून बसलो. घरात कटर नाही, हॅक्सॉने सुरुवात केली, मग डबे उघडायच्या ओपनरने कड काढली, ओपनर गेला, त्याचं वेगळं महाभारत चालू आहे. तर ऐका. कापायच्या आधी इतवारीत मित्राचं सोन्याचं दुकान आहे तिथं वजन केलं होतं, तो हसत होता पण केलं. दोन २१० च्या आसपास, एकमेकांत दोन-तीन ग्रॅमचा फरक. तिसरा १८३. लेबलवर त्या एकट्यावर महिना-वर्षच नाही, नुसता बॅच नंबर. आटे तिघांचेही ठीक, जुन्यावरून पार्ट नंबर जुळला.

आत काय निघालं, तर कागदाच्या घड्या बऱ्या आहेत पण कमी आहेत, मोजल्या ४१, आता दुसरा कापल्याशिवाय तुलना कशाशी करू? जोडावर गोंद खालच्या टोकाला लागलेलाच नाही, माचिसची काडी आरपार जाते. डिझेलवाल्या भाऊंनी सांगितलं तेच. हॅक्सॉचा चुरा सगळीकडं झाला म्हणून चुरीचं काही सांगता येत नाही.

बाकी दोघांवर टॉर्च मारला, कागदावर ठोकले, काही पडलं नाही, पडदा नरम आहे. फोटो कंपनीला पाठवले आहेत, सेलरला रिटर्न टाकलं.

पाना_नंबर_१४

हॅक्सॉने नवीन कापला ठीक, पण जुना फिल्टर कधी हॅक्सॉने कापू नका, मग इंजिनची चुरी कोणती आणि ब्लेडची कोणती कळत नाही. आम्ही कटरच वापरतो. सध्या गाडीला जो आहे तो मागच्या वर्षीचा, त्याच सेलरचा नं? तो काढला की माझ्याकडं घेऊन या, दोन मिनिटांचं काम. रविवारी सकाळी या, शनिवारी नको, शनिवारी मला मरायला वेळ नसतो.

सदरचा_शहाणा

शेवटी ओपनर, पेट्रोल, इतवारीचं पार्किंग, सगळं धरून फिल्टर केवढ्याला पडला?

मानेवाडा_के१०

शहाणेभाऊ, हिशोब केला नाही, करणारही नाही :)

अपडेट देतो. कंपनीचं उत्तर आलं, दोघांचे बॅच नंबर त्यांचे आहेत, तिसऱ्याचा नाही. म्हणजे सेलरने खऱ्यात एक खोटा मिसळून दिला, किंवा कोणीतरी रिटर्न करताना बदलून ठेवला आणि तो मला आला, देव जाणे. सेलर आधी "कापलेला माल परत नाही" म्हणाला, ताईंनी सांगितलं तसं १९१५ आणि आयोग असे दोन शब्द लिहिले, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याचे पैसे आले.

रविवारी पानाभाऊंकडं गेलो, तर्री पोहे नेले होते, जुना फिल्टर तिथंच काढला. रिंग बुडालाच होती, वर चिकटली नव्हती, हे त्यांनी आधी मला पाहायला लावलं. कटरने कापला. कागद ताणून उन्हात धरला, चकाकणारं काही नाही, मॅग्नेट फिरवला, नेहमीचा बारीक काळा लेप, भाऊ म्हणे एवढा चालतो. पण पडदा! वाकवला तर पापडासारखा कड्कन मोडला. एका वर्षात, साडेसात हजारात.

नवीन बसवला, त्या दोघांतला एक. आज चौथी सकाळ. कडकड बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही, अर्धा सेकंद अजून आहे.

पाना_नंबर_१४

अर्धा सेकंद राहिला तो फिल्टरचा नसेल. के१० इंजिनला आत टायमिंग चेन आहे, ८६ हजारात ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडू शकतो. आता लगेच उघडायची गरज नाही, गरम झाल्यावर आवाज नसेल तर शिर्डीला बिनधास्त जा, फक्त निघायच्या आधी आणि पोचल्यावर ऑइलची कांडी पाहा. आल्यावर आणा, व्हॉल्व्ह कव्हर खोलून पाहू. आणि राहिलेला दुसरा फिल्टर खोक्यातच ठेवा, उन्हात डिक्कीत नका टाकू.

बुटीबोरी_क्यूसी

तो मोडका पडदा फेकला नसेल तर मला हवा आहे, कंपनीत नवीन पोरांना दाखवायला. मी येतो घ्यायला.

मानेवाडा_के१०

पानाभाऊंच्या गॅरेजात खिळ्याला टांगला आहे साहेब, येणाऱ्या प्रत्येकाला तेच दाखवून राहिले. मागून पाहा, देतात का.